पोस्ट ऑफिसच्या आधीची तपासणी

नववीत आम्ही गॉल्जी बॉडीला 'पेशीचे पोस्ट ऑफिस' असे पाठ केले. मार्क मिळाले, पण मला ही उपमा अपुरी वाटते. पोस्ट ऑफिस पाकिटात काय आहे ते बघत नाही. पेशी बघते, आणि तेही गॉल्जीच्या आधी.

बाहेर पाठवायचे प्रथिन रायबोसोमवर तयार होता होताच आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे आपल्या ईआरमध्ये, शिरते. तिथे त्याची घडी नीट पडावी लागते. पडली नाही तर एक एन्झाइम त्याच्या साखरेच्या साखळीला पुन्हा ग्लुकोज चिकटवते. ती खूण बघून मदतनीस प्रथिने त्याला धरतात आणि आणखी एक संधी देतात. आमच्या कपाट तपासणीसारखेच, फक्त ओरडा नाही. तरीही जमले नाही, तर त्याला ईआरबाहेर ओढून त्याचे तुकडे करतात. पास झालेलेच गॉल्जीकडे जाते.

पण ही तपासणी कधी कधी फारच कडक असते. सिस्टिक फायब्रोसिस या आजाराचे जनुक १९८९ मध्ये सापडले. त्यातले सीएफटीआर प्रथिन १४८० अमिनो आम्लांचे. बहुतेक रुग्णांत त्यातले एकच, ५०८ वे, गायब असते. ते प्रथिन पेशीच्या कडेला पोचायला हवे, पण ईआर त्याला जवळपास सगळेच अडवून नष्ट करते आणि फुप्फुसात चिकट कफ साठतो. १९९२ मध्ये दिसले की पेशी कमी तापमानात वाढवल्या तर त्यातले काही कडेपर्यंत पोचते आणि कामही करते! म्हणजे सदोष होते, निकामी नव्हते. २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या औषधात तीन घटक आहेत. त्यातले दोन तपासणी बंद करत नाहीत, घडी पडायला हात देतात.

गेल्या टर्मला आमच्या हाउसमधल्या एकाला स्क्वॉड कमांडरच्या निवडीत पहिल्याच फेरीत बाद केले, कारण मुलाखतीत तो अडखळला. सकाळी मैदानावर तोच आम्हा दहा जणांना 'सावधान' देतो तेव्हा एक अक्षर अडकत नाही. मी रांगेत उभा असतो, म्हणून सांगतो.

फेरी काढून टाका असे मी म्हणत नाही. पण बाद झालेल्यांना एकदा मैदानावर कमांड द्यायला लावावी. पुढची निवड याच महिन्यात आहे. त्याने अजून नाव दिलेले नाही.