गॅनिमीडवरचा नाताळ आणि आमची तोंडली

आमच्या हॉस्टेलच्या तळमजल्यावर जिन्याखाली एक लोखंडी कपाट आहे. पास आऊट झालेले सीनियर्स जे जे टाकून जातात ते सगळं त्यात जमा होतं. मोडके ड्राफ्टर, एका पायाची चप्पल, कुणाच्या तरी केटीच्या फायली. २०२५ च्या ऑक्टोबरात, सगळं हॉस्टेल बॅगा भरून दिवाळीला घरी पळत होतं, तेव्हा मला त्यात कव्हर फाटलेलं एक इंग्रजी पुस्तक सापडलं. आयझॅक असिमॉव्हच्या अगदी सुरुवातीच्या विज्ञानकथांचं.

मी पळत नव्हतो, कारण परभणीचं तिकीट वेटिंगवरच राहिलं होतं आणि दिवाळी संपते न संपते तोच पेपर होते. नोटीस बोर्डावर 'मेस पाच दिवस बंद राहील' असा कागद लागला होता. मागे उरलो आम्ही अकरा जण. त्यात एक रोह्याचा, दोघे गडचिरोलीचे, एक आसामचा ज्युनियर, एक लडाखचा. बाकीचे माझ्यासारखे वेटिंगवाले.

तर त्या पुस्तकात एक गोष्ट होती, गुरूच्या गॅनिमीड या चंद्रावरच्या नाताळची. असिमॉव्हने ती १९४० च्या डिसेंबरात लिहिली आणि १९४२ च्या जानेवारीत ती छापून आली. तेव्हा तो कोलंबिया विद्यापीठात रसायनशास्त्र शिकत होता, म्हणजे आपल्यासारखाच सबमिशनवाला माणूस! गॅनिमीडवर शहामृगासारखे दिसणारे स्थानिक रहिवासी पृथ्वीवरच्या एका कंपनीसाठी राबत असतात. कंपनीतला एक भोळा कर्मचारी त्यांना सांताक्लॉजची गोष्ट सांगून बसतो. झालं! सांता आमच्याकडे आल्याशिवाय काम करणार नाही, असं म्हणून ते सगळे संपावर जातात. कोटा बुडतो आहे म्हटल्यावर साहेबलोक उडती घसरगाडी तयार करतात, स्थानिक जनावरांना ब्रँडी पाजून तिला जुंपतात आणि सांता एकदाचा येतो. झाडाला टांगायचे काचेचे गोळे त्या शहामृगांना भेट मिळतात. ते त्यांना सांताची अंडी वाटतात आणि ते ती उबवायला बसतात! नंतर कळतं की त्यांना दर वर्षी सांता हवा आहे. आणि त्यांचं वर्ष म्हणजे गॅनिमीडची गुरूभोवतीची एक फेरी. सात दिवस आणि पावणेचार तास.

म्हणजे दर आठवड्याला नाताळ. मी एकटाच हसत बसलो होतो.

मग हसू थोडं ओसरलं. कारण त्या गोष्टीत कंपनीला सणाशी काही देणंघेणं नाही, काम अडलं म्हणून सण दिला गेला. आपल्या कॉलेजच्या 'ट्रॅडिशनल डे'चं तरी दुसरं काय आहे? तारीख कमिटी ठरवते, स्पॉन्सर बॅनर लावतो, आपण धोतरावर स्पोर्ट्स शूज घालून फोटो काढतो. वाईट काही नाही त्यात, मीही फेटा बांधून मिरवलो आहे. पण त्याला सण म्हणायला जीभ वळत नाही.

रे ब्रॅडबरीची 'द गिफ्ट' नावाची १९५२ ची एक छोटी गोष्ट आहे. आई-बाप आणि लहान मुलगा मंगळाकडे निघालेत, प्रवासातच नाताळ येतो. पण मुलासाठी घेतलेली भेट आणि मेणबत्त्यांचं झाड ठरलेल्या वजनापेक्षा किंचित जास्त भरल्यामुळे तळावरच ठेवून घेतलेलं असतं. मग बाप मुलाला एका अंधाऱ्या खिडकीपाशी नेतो आणि बाहेरचे असंख्य तारे दाखवतो. गोष्ट गोड आहे, पण मला किंचित फसवी वाटते. तारे काय, ते कुणीही दाखवेल. तिथे जमलेले लोक गातात, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे तर विज्ञानकथा आणि दिवाळी यांचं नातं घरचंच. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाला फराळाबरोबर वाचायची सवय लागली. पुढे विज्ञानकथाही त्या ताटात येऊन बसली. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. बक्षीस जगतापांना मिळालं! २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले, तेव्हा माझ्या वडिलांनी माळ्यावरचे जुने दिवाळी अंक खाली काढले होते. एकेका पानावर अजून चकलीच्या तेलाचे डाग आहेत.

पण गंमत बघा. दिवाळीच्या अंकात वाचलेल्या या गोष्टींतली माणसं कुठे कुठे जातात, काळाच्या पलीकडे पोचतात, मात्र तिथे गेल्यावर दिवाळीला काय करतात हे मी वाचलेल्या एकाही मराठी गोष्टीत सापडलं नाही. म्हणून रिकाम्या हॉस्टेलमध्ये मी वहीच्या मागच्या पानावर मंगळाचं पंचांग मांडायला घेतलं. (त्या वेळी थर्मोडायनॅमिक्स करायला हवं होतं, मान्य.)

आपली तिथी ठरते चंद्र सूर्यापासून किती अंश पुढे गेला त्यावर. बारा अंशांची एक तिथी, अशा तीस. मंगळाला चंद्र दोन. त्यातला फोबोस साडेसात तासांहून थोड्या जास्त वेळात, नेमकं सांगायचं तर ७ तास ३९ मिनिटांत फेरी मारतो. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटांचा. म्हणजे दिवसातून तीन अमावास्या, आणि एक तिथी जेमतेम पंधरा मिनिटांची! एकादशी धरली तर साबुदाणा भिजायच्या आत द्वादशी उजाडणार. संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघायची ती पश्चिमेकडे तोंड करून, कारण फोबोस तिकडूनच उगवतो. त्यातल्या त्यात संक्रांत जमेल, कारण ती सूर्याच्या राशीवर आहे. फक्त तिळगूळ ६८७ दिवसांनी एकदा मिळेल, तोवर भांडणं मिटायची कशी हा प्रश्न वेगळा.

शिवाय पत्त्याचं काय? पूजेच्या संकल्पात गुरुजी जंबुद्वीपापासून सुरुवात करून गोदावरीच्या कोणत्या तीरावर बसलोय तिथपर्यंत पत्ता सांगतात. मंगळावर गोदावरी कुठून आणणार? हा विनोद नाही, असा प्रश्न खरोखर पडलेला आहे. २००७ मध्ये मलेशियाचे शेख मुझफ्फर शुकोर रमझानमध्ये अंतराळ स्थानकावर गेले. तिथे दिवसाला सोळा सूर्योदय होतात. मग नमाजाच्या वेळा कोणत्या? तिथल्या धर्ममंडळाने सांगितलं की जिथून उड्डाण केलं तिथलं घड्याळ धरा. मला हे उत्तर फार आवडलं. जिथून निघालात तिथलं घड्याळ! आणि २०२५ च्या जूनमध्ये आपले शुभांशु शुक्ला गेले ते गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस घेऊन. त्यांना पंचांगाची गरज पडली नाही, डबा पुरला.

आणि पृथ्वीवर तरी तारखेवर कुठे एकमत आहे? २०२५ ला अमावास्या २० ऑक्टोबरच्या दुपारी लागली आणि २१ च्या संध्याकाळी संपली. आमच्या वॉचमनकाकांची उत्तर प्रदेशातली दिवाळी २० ला झाली, आमच्या कालनिर्णयात लक्ष्मीपूजन २१ ला. एकाच गेटवर दोन दिवाळ्या.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. रोह्याचा रूममेट माझी वही बघून म्हणाला, "अरे, एवढ्या लांब मंगळावर कशाला जातोस? आमच्या रायगडातच झालंय की हे." मग त्याने जे सांगितलं आणि नंतर मी लायब्ररीत जे वाचलं, ते कुठल्याही विज्ञानकथेपेक्षा भारी आहे.

बेने इस्राएल लोक. त्यांची परंपरा सांगते की अनेक शतकांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. वाचले ते थोडे. ग्रंथ बुडाले, भाषा गेली, मूळ समाजाशी संपर्क तुटला. परग्रहावर यान कोसळल्यावर होईल अगदी तसंच! ते तेल गाळायचा धंदा करू लागले, मराठी बोलू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागले, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली'. आता त्यांच्या सणांची नावं ऐका. नव्याचा सण. खिरीचा सण. दारफाळणीचा सण, म्हणजे दार लावून घेऊन उपास करण्याचा दिवस, तो ज्यूंचा योम किप्पूर. बिरड्याचा सण, ज्यात आपलं कोकणातलं बिरडं. आणि अनाशी ढाकाचा सण, म्हणजे आंबट कालवणाचं भांडं झाकून ठेवायचं, तो वल्हांडण. वल्हांडणात आंबवलेलं चालत नाही. कारण सांगणारा ग्रंथ हाताशी नव्हता, पण भांडं झाकायचं हे घरातल्या बायकांनी सोडलं नाही. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला, छापला गेला तो १९३७ साली तेल अवीवमध्ये.

जुन्या पनवेलमध्ये त्यांचं १८४९ चं बेथ एल सिनेगॉग आहे. आपल्यापैकी कितीतरी जण पनवेल स्टँडवर एसटी पकडतात, पण मी ते पेपर संपल्यावर मुद्दाम बघायला गेलो. १९४८ नंतर या समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले, आणि जाताना मलिदा घेऊन गेले. पोहे, ओलं खोबरं, गूळ, फळं. एलियाहू पैगंबराचं नाव घेऊन तो आजही तिथे केला जातो. म्हणजे मूळ देशात परत गेले आणि तिथे कोकणातले पोहे भिजवले! कुणी म्हणेल ही भेसळ झाली. मी म्हणतो, त्या भेसळीमुळेच ते टिकलं. असिमॉव्हच्या शहामृगांनी काचेच्या गोळ्यांना अंडी समजून उबवलं, तेव्हा आपण हसलो. पण कुणाचाही सण दुसऱ्या जगात जातो तेव्हा थोडा असाच जातो, अर्धा समजून, अर्धा हाताला लागेल त्यावर.

आमचंच बघा. नरकचतुर्दशीला पहाटे रोहेकर म्हणाला, अभ्यंगस्नानानंतर कारेटं फोडायला पाहिजे, डाव्या पायाच्या अंगठ्याने. आमच्याकडे परभणीला मी हे कधी बघितलं नव्हतं. कारेटं आणायची राहिली होती. आदल्या दिवशी भाजीवाल्याकडून आणलेली तोंडली होती. मग बाथरूमच्या बाहेर अकरा जणांनी ओळीने अकरा तोंडली फोडली! लडाखच्या मित्राने विचारलं, हे कोण? म्हटलं नरकासुर. तो म्हणाला, "फार छोटा आहे रे." आसामचा ज्युनियर म्हणाला, त्यांच्याकडे त्याच आठवड्यात काती बिहूला शेतात दिवे लावतात, तर एक दिवा त्याचा. कंदील केला ड्रॉइंग शीटचा, फर्स्ट इयरला रडत शिकलेलं 'डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस' आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडलं. फराळ म्हणजे माझ्या आईने कुरिअरने पाठवलेला चिवडा. संध्याकाळी भात शिजवायचा ठरला. पण हॉस्टेलमध्ये इंडक्शनला बंदी, मेसच्या किचनला कुलूप. लक्ष्मीपूजनाच्या रात्री अकरा इंजिनिअर्स इलेक्ट्रिक किटलीत मॅगी करत होते. चवीला ठीक होती. पण परभणीहून आईचा फोन आला आणि "जेवलास का?" म्हणाली, तेव्हा मी खोटं बोललो.

काही मित्र म्हणतात, खरी दिवाळी घरचीच, हॉस्टेलची ती नक्कल. मला नाही पटत. नवगावला जहाज फुटलेल्या माणसांनी असाच विचार केला असता तर दारफाळणीचा सण राहिलाच नसता. उलट दुसरे म्हणतात, मेस चालू ठेवायला लावा, आपण पैसे भरतो. हेही मला पटत नाही. मेसवाले दादा बिहारचे आहेत, त्यांना दिवाळी आणि छठ जोडून वर्षातून एकदा घर दिसतं. त्यांना आमच्या भातासाठी अडवलं तर गॅनिमीडवरच्या कंपनीत आणि आपल्यात फरक काय?

म्हणून रेक्टर सरांना आमची मागणी एवढीच आहे: मेसवाल्यांना सुट्टी द्या आणि आम्हाला किचनची किल्ली द्या. एक शेगडी, दोन मोठी पातेली. सिलिंडरचा हिशोब आम्ही लिहून ठेवू, सही करून घेऊ, भांडी घासून परत देऊ. आग लागेल ही भीती खरी आहे, म्हणून सेफ्टीचं ट्रेनिंग झालेल्या दोघांच्याच हातात किल्ली राहू दे. आणि हे फक्त दिवाळीपुरतं नको. ईदला कुणी थांबला असेल, लोसारला, बिहूला, नाताळला, तर त्यालाही तीच किल्ली मिळावी. नियमात कारण लिहायचा रकाना ठेवू नका.

२०२६ मध्ये नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, रविवारी ८ नोव्हेंबरला आहे. राहणाऱ्यांची यादी ऑक्टोबरमध्ये ऑफिसला देऊ. रोहेकराने या वेळी घरून खरी कारेटं आणायची जबाबदारी घेतली आहे. तो विसराळू आहे, त्यामुळे तोंडली आणून ठेवतोच.

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)