उवेचं रक्त आणि शिकाऱ्याचा हात

कीटकशास्त्राच्या वर्गात एखाद्या जमातीची किड्यांविषयीची समजूत सांगितली, की मागच्या बाकावरून ‘अंधश्रद्धा’ हा शब्द येतोच. पोरांना काय बोलणार? हा शिक्का आपणच त्यांच्या हाती दिला. तरी दक्षिण आफ्रिकेतल्या खाम सान लोकांची उवेची गोष्ट मी सांगायची सोडत नाही.

इलँड म्हणजे बैलाएवढं हरीण. विषारी बाण लागला तरी ते लगेच कोसळत नाही. विष भिनायला वेळ लागतो. तोवर शिकाऱ्याने धावाधाव करायची नाही. आपल्यालाच बाण लागल्यासारखा तो लंगडत वस्तीवर येई, वेगळ्या खोपीत पडून राही. एखादा म्हातारा आजाऱ्यासारखी त्याची देखभाल करी. कारण इलँड कागेनचा लाडका. कागेन हा प्रार्थनाकीटकाशी जोडलेला, नाना रूपं घेणारा त्यांचा निर्माता. तो ऊ होऊन शिकाऱ्याला चावे. शिकाऱ्याने ती चिरडली, तर बाण धरलेल्या हातालाच तिचं रक्त लागे, विष थंड पडे आणि हरीण उठून चालू लागे.

अंगाला आग सुटलेली, आणि तरी हात आवरायचा! घायाळ जनावर बिथरलं तर लांब पळतं, हे शिकाऱ्याला ठाऊक असतं. पण इथे त्याहून मोठं काही आहे: ज्याला मारायचं, त्याच्या वेदनेत आपणही पडून राहायचं. याला अडाणीपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हे ज्ञान आपल्यापर्यंत आलं ते बहुतांशी केप टाउनच्या ब्रेकवॉटर तुरुंगातल्या खाम कैद्यांमुळे. 1870च्या दशकात विल्हेल्म ब्लीक आणि ल्यूसी लॉईड यांनी त्यांना घरी ठेवून त्यांचं बोलणं वह्यांत उतरवलं. आज खाम बोलणारं कुणी उरलं नाही. देशाच्या राजचिन्हावर मात्र 2000 सालापासून त्याच भाषेतलं ब्रीद आहे.

बोत्स्वानातल्या मध्य कालाहारीचे सान वेगळे, पण जिवंत आहेत. त्यांना राखीव क्षेत्राबाहेर काढलं गेलं. 2006 मध्ये उच्च न्यायालयाने खटला लढलेल्यांचा परतण्याचा हक्क मान्य केला, शिकारीचे परवाने नाकारणंही बेकायदा ठरवलं. तरी 2014 मध्ये शिकारबंदी आली. तीतून खासगी रानांतली हौशी शिकार तेवढी वगळली. 2019 मध्ये बंदी उठली. आता परवाना द्यायचाच, तर पोटासाठी शिकार करणाऱ्या सान माणसाला आधी द्या. परदेशी हौशी बंदूकवाल्याला नंतर.