वसंत देसाई आणि ती लिफ्ट

संगीतकार वसंत देसाई यांच्यावर लेख आला की मी शेवटचा परिच्छेद आधी वाचतो. तो बहुतेक ठरलेला असतो. तारीख २२ डिसेंबर १९७५. दिवसभराचं रेकॉर्डिंग आटोपून ते मुंबईतल्या आपल्या इमारतीत परतले, लिफ्टपाशी गेले आणि काळाने झडप घातली. कुणी लिहितं, लिफ्ट बिघडली होती. कुणी लिहितं, आत पाऊल टाकता टाकताच ती सुटली आणि ते चिरडले गेले. गप्पांच्या ओघात कुणी दोर तोडून लिफ्ट खालीही पाडतं. वय ६३. मग 'नियतीपुढे कुणाचं चालतं' असं म्हणून लेख संपतो.

माझं पोट लिफ्टवर चाललं, म्हणून मला तो परिच्छेद गिळवत नाही. पहाटे माझ्या मुरबे गावाहून निघायचं, पालघरला गाडी पकडायची, दिवसभर मुंबईतल्या इमारतींच्या गच्चीवरच्या मशीन रूममध्ये ग्रीस आणि कबुतरांच्या सोबतीने काम करायचं आणि अंधार पडल्यावर घरी यायचं, अशी माझी नोकरी गेली. आता गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. तेव्हा या एका मृत्यूशी माझं दोन्ही बाजूंनी नातं लागतं.

आधी माणसाबद्दल. कुडाळजवळच्या सोनवड्यात १९१२ साली जन्मलेला हा मुलगा 'प्रभात' फिल्म कंपनीत पडेल ते काम करत शिकला. पुढे शांतारामबापूंच्या 'शकुंतला'पासून 'झनक झनक पायल बाजे'पर्यंत त्यांनी काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. 'अमर भूपाळी' त्यांचा, 'श्यामची आई' त्यांचा, रंगभूमीवरचं 'पंडितराज जगन्नाथ' त्यांचं. 'गूंज उठी शहनाई'त बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई आहे. १९६६ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी संयुक्त राष्ट्रांत कांचीच्या शंकराचार्यांचं जे संस्कृत शांतिगीत गायलं, त्याची चालही याच कोकणी माणसाची. पण पेटीवाला म्हणून मला त्यांच्या दोन प्रार्थना सगळ्यात मोठ्या वाटतात, 'दो आँखें बारह हाथ'मधली कैद्यांची आणि 'गुड्डी'मधली शाळेतली. त्या चालींत गवयाने मिरवावं असं काही नाही. सूर फार वर जात नाही, फार खाली उतरत नाही आणि श्वास घ्यायला जागा बरोबर तिथेच सापडते. गळा न घासलेल्या पन्नास पोरांनी एकदम म्हटलं तरी चाल मोडत नाही. अशी चाल बांधणं किती कठीण, ते बांधून पाहणाऱ्यालाच कळतं.

आता लिफ्ट. दोर तुटून लिफ्ट कोसळली, ही सिनेमातली समजूत आहे. दोर एक नसतो, चार-सहा असतात, आणि ते सगळे एकदम तुटत नाहीत. समजा तुटलेच, तरी खाली सुसाट निघालेल्या लिफ्टला रुळांवर आवळून धरणारी सेफ्टी असते. एलिशा ओटिसने १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः पाळण्यावर उभं राहून दोर कापून घेतला आणि ती दाखवली, तेव्हापासून ती आहे. माणूस मरतो तो बहुतेक वेळा दारात. म्हणजे दार उघडं असताना लिफ्ट हलली तर.

ती हलते कशी? लिफ्टच्या दुसऱ्या टोकाला काउंटर वेट असतं. त्याचं वजन रिकाम्या लिफ्टपेक्षा बरंच जास्त ठेवलेलं असतं, साधारण अर्धा भार भरला की दोन्ही बाजू सारख्या होतील इतकं. म्हणजे सहा माणसांच्या लिफ्टमध्ये एकटा माणूस चढत असला तर पलीकडची बाजू जड. अशा वेळी ब्रेकचं लायनर झिजलेलं असेल, ब्रेकच्या ड्रमवर तेल उडालेलं असेल, तर लिफ्ट खाली पडत नाही, वर निघते. एक पाय आत, एक बाहेर असलेला माणूस लिफ्टच्या फरशी आणि दाराच्या वरच्या चौकटीमध्ये सापडतो. खाली पडणं रोखणारी सेफ्टी इथे कामाची नाही, आणि वर पळणारी लिफ्ट रोखायची सोय तेव्हाच्या लिफ्टमध्ये नसायची.

दुसरी तऱ्हा ब्रेकची नाही, माणसाची आहे. जाळीच्या दाराला कुलूप असतं आणि त्या कुलपात विजेचा कॉन्टॅक्ट असतो. दार नीट लागल्याशिवाय लिफ्टला वीज मिळता कामा नये, एवढंच त्याचं काम. हा कॉन्टॅक्ट मुंबईच्या दमट हवेत सारखा खराब होतो आणि लिफ्ट बंद पडते. वरच्या माळ्यावरच्या आजींना खाली उतरता येत नाही, सेक्रेटरी चिडतात आणि म्हणतात, मेस्त्री, तात्पुरतं चालू करून द्या ना. तात्पुरतं म्हणजे दोन वायरी एकमेकींना जोडून कुलूप बाद करायचं. मग लिफ्ट धावते, दार उघडं असो की बंद. दक्षिण मुंबईतल्या एका सोसायटीत मी असं करायला नकार देऊन मेन स्विच पाडला, तर संध्याकाळपर्यंत ऑफिसात माझी तक्रार पोचली होती. दुसऱ्या दिवशी तिथे दुसरा माणूस गेला. त्याने काय केलं ते मी विचारलं नाही, लिफ्ट मात्र चालू होती.

वसंतरावांच्या इमारतीत यातलं काय घडलं, हे मुरब्याच्या किनाऱ्यावर बसून ठरवता येणार नाही आणि ठरवूही नये. पण ते ठरवण्याजोगं होतं. मुंबईत लिफ्टचा कायदा १९३९ पासून होता. अपघातात माणूस जखमी झाला तरी मालकाने लिफ्ट निरीक्षकाला कळवायचं आणि त्याने पाहून परवानगी दिल्याशिवाय लिफ्टला हात लावायचा नाही, असा नियम. म्हणजे इतका नावाजलेला माणूस गेल्यावर कुणीतरी सरकारी माणूस टॉर्च घेऊन लिफ्टखालच्या पिटमध्ये उतरायला हवा होता आणि त्याने कागदावर काहीतरी लिहायला हवं होतं. माझ्या वाचनात आलेल्या लेखांपैकी एकाही लेखकाने तो कागद शोधल्याचं दिसत नाही. त्यांच्या चालींतला राग कोणता यावर मात्र पानंच्या पानं.

रशियातल्या संगीतकार चायकोव्स्कीचं उलट झालं. सहाव्या सिंफनीचा पहिला प्रयोग स्वतः चालवून नऊ दिवस झाले आणि ६ नोव्हेंबर १८९३ रोजी तो सेंट पीटर्सबर्गमध्ये गेला. सांगितलं गेलेलं कारण कॉलरा, न उकळलेल्या पाण्याचा एक पेला प्यायल्यामुळे. त्या एका पेल्यावर लोक सव्वाशे वर्षं भांडताहेत. पाणी उपाहारगृहात प्याला की भावाच्या घरी? कॉलऱ्याचं प्रेत, तर लोक येऊन त्याचं चुंबन कसं घेत होते? रिम्स्की-कोर्साकोव्हसारख्या संगीतकारालाही ते खटकलं. १९७९ च्या सुमारास अलेक्सांद्रा ओर्लोवा या बाईंनी सांगितलं की त्याच्या जुन्या शाळासोबत्यांनी न्यायनिवाडा करून त्याला विष घ्यायला लावलं. पुढे अलेक्झांडर पोझ्नान्स्कीने कागदपत्रं लावून ते खोडून काढलं. यातलं विषाचं प्रकरण मला ऐकीव गोष्टींवर रचलेलं वाटतं, आणि वसंतरावांच्या मागे कुणी तसलं कारस्थान लावावं अशी माझी मुळीच इच्छा नाही. पण पेला कुठला होता, हे विचारणारी माणसं मला आवडतात.

आमच्या मंडळातले बुवा यावर म्हणतात, ''मेस्त्री, श्वास मोजून दिलेले असतात, लिफ्ट काय नि होडी काय.'' बुवा वडीलधारे, मी वाद घालत नाही. पण त्यांचीच बोट एकदा वेळेवर परतली नाही तेव्हा बंदरावर श्वासांची गोष्ट कुणी काढली नव्हती. वारा कुठला होता, भरती उधाणाची होती की भांगाची, इंजिनाचं काम कुणी केलं होतं, शेवटचं कुणाला दिसले, तांडेल कोण, हेच सगळे विचारत होते. समुद्रावर पोट असलेला माणूस देवाला नारळ वाहतो आणि इंजिनाचं तेलही बघतो.

हे उकरून काढायला आणखी एक कारण आहे. माझ्या लहानपणी बोईसरला चढायला जिना पुरायचा. आता बोईसर-पालघरला स्टेशनपासून पाच-दहा मिनिटांवर सात-सात माळ्यांच्या इमारती आहेत आणि प्रत्येकीत लिफ्ट आहे. १९३९ च्या कायद्याच्या जागी २०१७ चा नवा कायदाही आला. तरी सोसायटीच्या सभेत खर्च कापायची वेळ आली की पहिली कात्री देखभालीच्या करारावर चालते, रंगावर नाही. माझ्या भाच्याच्या इमारतीत दार अर्धवट उघडं असताना लिफ्ट निघाली, तेव्हा शेजारी म्हणाले, ''जुनी झाली आहे, थोडं सांभाळून चढायचं.'' सांभाळून चढून ब्रेक धरत नाही. मी वॉचमनला सांगून ती बंद करायला लावली आणि भाच्याला पंधरा दिवस जिना चढावा लागला. अजून तो त्यावरून बोलतो.

२२ डिसेंबर २०२५ ला वसंत देसाई यांना जाऊन पन्नास वर्षं झाली. त्यांचं नवं चरित्र कुणी लिहायला घेतलं, तर माझं एवढंच मागणं. १९७५ चा तो अहवाल कुठल्या दप्तरात असेल तर काढा आणि छापा. लिफ्ट कोणत्या माळ्यावर होती, वर गेली की खाली, कुलपाचा कॉन्टॅक्ट जागेवर होता का, ब्रेकचं लायनर किती उरलं होतं, सगळं. मेकॅनिकचं नाव सापडलं तर गाळा. पण त्याला आदल्या दिवशी कुणी काय सांगितलं होतं, ते सापडलं तर मात्र गाळू नका.