बाळू पालवणकर : निवडणुकीच्या किश्शापलीकडे

१९३७ च्या निवडणुकीत मुंबईतील राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध काँग्रेसने एक क्रिकेटपटू उभा केला होता. ही माहिती समाजमाध्यमांवर अधूनमधून नव्याने फिरते, वाचणारे चकित होतात आणि विषय तेथेच संपतो. तो क्रिकेटपटू म्हणजे बाळू पालवणकर. त्यांच्याविषयी आश्चर्य वाटायचेच असेल, तर निवडणूक ही त्यातली सर्वांत किरकोळ गोष्ट आहे.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. कुटुंब मूळचे कोकणातले, चर्मकार समाजातले. पुण्यात युरोपीयांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखण्याची त्यांची नोकरी. सरावाच्या जाळीत ते ग्रेगसारख्या इंग्रज फलंदाजांना तासन्‌तास डावखुरी फिरकी टाकीत. त्यांच्या हाती बॅट मात्र कोणी देत नसे. पुढे याच युरोपीयांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले. मैदानात त्यांच्या हातून आलेला चेंडू सवर्ण खेळाडू निःशंकपणे झेलीत. चहाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. विटाळाचा नियम किती सोयीने वाकवला जाई, हे समजायला तो चेंडू आणि ते भांडे पुरेसे आहे.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार महाराज मोजकेच सामने खेळले, संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र दौऱ्यात ११४ बळी घेतले. एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. कारण गोलंदाजीत नव्हते, जातीत होते. १९२० मध्ये त्यांना वगळले गेले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे त्यांचे धाकटे भाऊ संघातून बाहेर पडले. बरीच चर्चा झाल्यावर तिघांनाही परत घेण्यात आले आणि बाळू उपकर्णधार झाले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. त्या वर्षी अंतिम सामन्यात हिंदूंनी युरोपीयांना हरवले.

ही पार्श्वभूमी वगळली, की १९३७ चे बाळू केवळ काँग्रेसचे प्यादे वाटू लागतात. त्यांच्या कीर्तीचा उपयोग काँग्रेसने करून घेतला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण १९३२ च्या पुणे करारावर आंबेडकरांप्रमाणे त्यांचीही सही आहे. ते राजकारणात आयत्या वेळी आणलेले नव्हते. हिंदू समाजात राहूनच दारे उघडतील, हा त्यांचा विश्वास होता. ज्याने एकेक दार किलकिले होताना पाहिले, त्याला असे वाटणे समजण्याजोगे आहे. किती वर्षांनी आणि किती कष्टांनी ते किलकिले झाले, हे पाहता आंबेडकरांचा अविश्वासही तितकाच साधार ठरतो. मतदारांनी आंबेडकरांना निवडले, तेही अवघ्या सुमारे दोन हजारांच्या फरकाने.

या भावंडांची कहाणी विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडाजीवन’ या आत्मचरित्रात १९४८ मध्येच मराठीत लिहून ठेवली होती. ती सर्वदूर पोचली मात्र २००२ साली, रामचंद्र गुहा यांच्या इंग्रजी पुस्तकातून. आणि त्या पुस्तकाचा एक मोठा आधार विठ्ठल यांचे हेच मराठी आत्मचरित्र होते.