हौशी खेळांच्या प्रक्षेपणाचा मक्ता कोणासही देऊ नये याविषयीचे निवेदन

प्रति,
माननीय क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : सरकारी खर्चाने किंवा अनुदानाने भरणाऱ्या हौशी कबड्डी, खो-खो व कुस्ती स्पर्धांच्या प्रक्षेपणाचे हक्क सशुल्क दूरचित्रवाणी कंपन्यांस एकाधिकाराने न देण्याबाबत.

महोदय,

खाली सह्या करणाऱ्या आम्हां मंडळींपैकी कोणी लालबाग-परळच्या मंडळांच्या मैदानावर गिरणीची पाळी सुटल्यानंतर दिव्याच्या उजेडात चढाया केल्या आहेत, कोणी सांगली-इचलकरंजीकडे खो-खोच्या पाटीत सूर मारून गुडघे फोडून घेतले आहेत, तर कोणी शिटी आणि गुणपत्रिका एवढ्याच भांडवलावर आयुष्यभर पंचाचे काम केले आहे. यांपैकी एकालाही खेळाने पोटाला दिले नाही, आणि त्याबद्दल आमची तक्रारही नाही. कारण आमच्या पिढीने जिला हौस म्हटले ती जमाखर्चाच्या वहीत मांडण्याची वस्तू नव्हती. परंतु जे आम्ही मोबदल्यावाचून समाजाला दिले, तेच पुढे कोणी मोबदला घेऊन एका व्यापारी कंपनीच्या हवाली करावे, आणि ज्या समाजाला ते दिले त्यालाच ते पाहण्यासाठी दरमहा वर्गणी मोजावी लागावी, ही गोष्ट आम्हांस सोसवत नाही. म्हणून हा अर्ज आपल्या दप्तरी दाखल करीत आहोत.

प्रारंभीच एक खुलासा केला पाहिजे. २०१४ च्या जुलै महिन्यात व्यावसायिक कबड्डीची प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तिचे आम्ही वैरी नाही. तेथे खेळाडू करारनामा करून खेळतो आणि त्याच्या दमाला, त्याच्या चपळाईला किंमत येते. २०२२ च्या लिलावात पवन सेहरावतला २ कोटी २६ लाख रुपयांची बोली लागली, तेव्हा आमच्यापैकी ज्यांनी उमेदीच्या काळात बक्षीस म्हणून स्टीलचा डबा घरी नेला, त्यांचेही डोळे आनंदाने भरून आले. ज्याला वेतन आहे त्याचा खेळ विकला जात असेल तर त्या विक्रीत त्याचा वाटा आहे. आमचे म्हणणे आहे ते ज्यांना वेतन नाही त्यांच्याविषयी : जिल्हा अजिंक्यपद स्पर्धा, किशोर व कुमार गटांचे सामने, आणि स्वतः सरकार भरवीत असलेल्या छत्रपती शिवाजी महाराज चषक कबड्डी, भाई नेरूरकर चषक खो-खो, खाशाबा जाधव चषक कुस्ती यांसारख्या स्पर्धा. व्यावसायिक खेळाचे यश पाहून या हौशी स्पर्धांकडेही व्यापाऱ्याची नजर वळणे स्वाभाविक आहे, आणि व्यापारी येतो तेव्हा तो एकट्याने घेण्याचा हक्क मागतो, हेही तितकेच स्वाभाविक आहे. ती मागणी येण्यापूर्वीच सरकारचे धोरण लेखी ठरलेले असावे, एवढ्यासाठी ही धडपड.

या खेळांची मालकी कोणाची, याचा विचार गावच्या गायरानाच्या दृष्टीने करावा, अशी आमची विनंती आहे. गायरानावर देखरेख पंचायतीची असते, परंतु गुरे चारण्याची वहिवाट साऱ्या गावाची असते, आणि पंचायतीने ते एका सावकाराच्या गोठ्यासाठी कुंपण घालून द्यावे असे म्हणण्याची कोणाची छाती होत नाही. क्रीडासंघटना या देखरेख करणाऱ्या आहेत. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन येथे ऑलिंपिकच्या प्रसंगी आपले देशी खेळ जगाला दाखविले. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी कबड्डीच्या प्रसारासाठी आयुष्य वेचले, आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळाला स्थान मिळाले. यांपैकी कोणीही हा खेळ पुढेमागे विकता यावा म्हणून वाढविला नाही. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले ते लोकवर्गणीवर, आणि त्यांच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण टाकून उभारलेल्या पैशावर. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक अशा रीतीने आले. त्या मल्लाच्या नावाच्या चषकाची कुस्ती त्याच्या गोळेश्वर गावातल्या माणसाला पैसे भरल्याखेरीज दिसू नये, ही कल्पना आपणांसही रुचणार नाही, अशी आमची खात्री आहे.

हौशी खेळाचे प्रक्षेपण विकल्याने काय घडते, याचा दाखला आयर्लंड देशात मिळतो, आणि नोकरीनिमित्त तेथे गेलेल्या आमच्या काही मुलानातवंडांमुळे तो आमच्या परिचयाचा झाला आहे. तेथील गेलिक अॅथलेटिक असोसिएशन ही संस्था १८८४ च्या नोव्हेंबरात थर्ल्स गावी स्थापन झाली. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे त्यांचे देशी खेळ. खेळाडूंना आजही वेतन नाही, आणि डब्लिनच्या क्रोक पार्कवर ऐंशी हजार प्रेक्षकांपुढे अंतिम सामना खेळलेला तरुण सुट्टी संपताच आपल्या शाळेवर किंवा शेतावर परततो. या संस्थेने १ एप्रिल २०१४ रोजी स्काय या सशुल्क वाहिनीशी तीन वर्षांचा करार जाहीर केला. त्यान्वये दरसाल चौदा सामने केवळ त्या वाहिनीवरच दिसावयाचे होते. उपांत्य व अंतिम सामने तेवढे आरटीई या सार्वजनिक वाहिनीवरही राहिले. परदेशी, विशेषतः ब्रिटनमध्ये, असलेल्या आयरिश लोकांना सामने पाहता यावेत, असा हेतू संस्थेने सांगितला, आणि तो खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने तालुक्याच्या क्लबचे मैदान स्वतः नांगरून सपाट केले, त्याने आपल्याच जिल्ह्याचा संघ पाहण्यासाठी परक्या कंपनीचे ग्राहक का व्हावे, हा प्रश्न तेथे घरोघर विचारला गेला. २०१६ च्या वार्षिक अधिवेशनात सर्व महत्त्वाचे सामने विनामूल्य दिसावेत असा ठराव डब्लिनकडून आला. तो मोठ्या बहुमताने नामंजूर झाला, हेही आम्ही लपवीत नाही. उलट हा दाखला आम्ही मुद्दाम देतो, कारण निदान तेथे क्लबांच्या प्रतिनिधींपुढे प्रश्न मांडला गेला व मते मोजली गेली.

त्याहून मोठा बोध पुढच्या घटनेत आहे. २०२२ नंतर ती परकी वाहिनी दूर झाली. पण तिच्या जागी संस्थेने आरटीईच्या भागीदारीत चालविलेल्या इंटरनेटवरील सशुल्क सेवेकडे अनेक सामने गेले, आणि २०२३ साली मन्स्टर प्रांतातील हर्लिंगचे रंगलेले सामने विनामूल्य दिसेनात, तेव्हा ओरड इतकी झाली की तिचे पडसाद तेथील संसदेत उमटले. यावरून दिसते की दोष कंपनीच्या देशीपरदेशीपणात नसून दाराला घातलेल्या कुलपात आहे, मग ते कुलूप व्यापाऱ्याचे असो की संघटनेचे स्वतःचे. उद्या आमच्याच एखाद्या संघटनेने स्वतःचे सशुल्क अॅप काढले, तरी आमचा आक्षेप तोच राहील.

मक्तेदारीचा आणखी एक परिणाम आहे, आणि त्याचा विचार फारसा कोणी करीत नाही. एकाधिकार म्हणजे दाखविण्याचा हक्क, तसाच न दाखविण्याचाही हक्क. जकातीचा मक्ता घेतलेला माणूस निदान नाक्यावर बसतो. प्रक्षेपणाचा मक्ता घेतलेली कंपनी तिला फायद्याचे तेवढे सामने दाखविते आणि उरलेले कोंडवाड्यात ठेवते, व दुसऱ्या कोणाला त्यांना हात लावू देत नाही. हे निवेदन लिहिणारा काही वर्षांमागे मुलींच्या एका कुमार गट स्पर्धेत पंच होता. आयोजकांनी हक्क एका वाहिनीस दिले होते, म्हणून मोबाइलवरून सामना थेट दाखविणाऱ्या गावच्या पोरांना स्वयंसेवकांनी मैदानाबाहेर काढले. उपांत्य सामन्यात डावा कोपरा सांभाळणाऱ्या एका मुलीने पाच पकडी केल्या. शेवटची पकड तर अशी की चढाईपटूचा हात मध्यरेषेपासून वीतभर राहिला होता. तिचे वडील एसटीच्या गाडीवर वाहक. त्या दिवशी रजा मिळाली नाही. वाहिनीने तो सामना त्या रात्री दाखविला नाही व नंतरही दाखविला नाही. महिन्याभराने चित्रणाची प्रत मागितली असता, चित्रणाची मालकी कंपनीची आहे, एवढेच उत्तर मिळाले. मुलगी आता खेळत नाही. त्या पाच पकडी ज्यांनी पाहिल्या, त्यांच्या आठवणीखेरीज त्या आज कोठेही नाहीत.

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. २००७ च्या अधिनियमाने राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून केंद्र सरकारने जाहीर केलेले सामने प्रसार भारतीला देणे खाजगी वाहिन्यांवर बंधनकारक झाले. २०१७ च्या निकालाने ते चित्रण दूरदर्शनच्या स्वतःच्या भूतलीय व डीटीएच सेवेपुरतेच मर्यादित राहिले. आमच्या जिल्हा व राज्य पातळीवरील स्पर्धांना या अधिनियमाचे छत्र लाभत नाही. ते छत्र राज्य सरकार आपल्या अनुदानाच्या अटींतून धरू शकते, आणि स्वतःच्या स्पर्धांच्या बाबतीत तर त्याला कोणाची परवानगी काढण्याचेही कारण नाही.

संघटनांची पैशाची अडचण आम्हांस ठाऊक नाही असे नाही. मॅटचा खर्च मोठा, मैदानाचे भाडे मोठे, आणि खेळाडूचा गुडघा दुखावला तर शस्त्रक्रियेसाठी मित्रांना हात पसरावा लागतो. यासाठी प्रायोजक घ्यावेत, जाहिराती घ्याव्यात, वाहिन्यांनाही बोलवावे. फक्त कोणालाही एकट्याने देऊ नये. जी कंपनी सर्वांबरोबर दाखविण्यास तयार नाही, ती खेळासाठी आलेली नव्हे.

तेव्हा आमची मागणी अशी की, राज्य सरकारचे अनुदान, मैदान किंवा क्रीडासंकुल वापरणाऱ्या प्रत्येक हौशी स्पर्धेच्या मंजुरीपत्रात, प्रक्षेपणाचा एकाधिकार कोणासही देता येणार नाही, ही अट घालावी. सरकारच्या स्वतःच्या चषक स्पर्धांचे सर्व सामने, केवळ अंतिम नव्हेत, सह्याद्री वाहिनीवर व इंटरनेटवर विनामूल्य दिसतील अशी तजवीज करावी, आणि आकाशवाणीवर त्यांचे मराठी धावते वर्णन व्हावे; बाळ ज. पंडितांनी ज्या भाषेत क्रिकेट घरोघर पोहोचविले, त्या भाषेला चढाई-पकडीचे वर्णन जड जाणार नाही. किशोर व कुमार गटांचे सामने कोणत्याही रकमेला विकले जाऊ नयेत, कारण अज्ञान मुलांच्या खेळावर करारनामा करण्याचा अधिकार आम्ही कोणाचाच मानीत नाही. वाहिनीशी होणाऱ्या प्रत्येक कराराचा मसुदा मराठीत तयार करून सही होण्यापूर्वी जिल्हा संघटनांच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. मिळणाऱ्या रकमेचा निम्मा भाग मैदाने आणि खेळाडूंचा औषधोपचार यांसाठी वेगळा राखावा. आणि प्रत्येक सामन्याच्या चित्रणाची प्रत दोन्ही संघांना विनामूल्य मिळावी. या शेवटच्या मागणीला खर्च जवळजवळ नाही, तरी आमच्या मनात ती पहिली आहे.

पुढील हंगामाचे अनुदानाचे आदेश निघण्यापूर्वी आमचे म्हणणे समक्ष ऐकून घ्यावे, अशी विनंती आहे. सुनावणीची तारीख निदान पंधरा दिवस आधी कळवावी. आमच्यातील पुष्कळांना कामावरून रजा काढून आणि स्वखर्चाने मुंबईस यावे लागेल.

कळावे,

आपले नम्र,
हौशी कबड्डी, खो-खो व कुस्ती यांतील आजी-माजी खेळाडू, पंच, गुणलेखक व मंडळांचे कार्यकर्ते
(सह्यांचे कागद सोबत जोडले आहेत.)