झोळीवाला आला हं!

"पटकन जेव, नाहीतर झोळीवाल्याला देऊन टाकीन!" मित्रांनो, हे वाक्य न ऐकता मोठं झालेलं मराठी मूल दाखवा आणि मेसमधलं माझ्या वाटचं रविवारचं स्वीट घेऊन जा. कुणाकडे बागुलबुवा असतो, कुणाकडे पोलीस, कुणाकडे झोळीवाला. घास पोटात जातो आणि पचतो. भीती डोक्यात जाते, ती काही पचत नाही.

आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांकडे झोळीवाला नव्हता, 'डोन्ट टॉक टू स्ट्रेंजर्स' होतं. गंमत म्हणजे त्याच शाळेत मॉरल सायन्सच्या तासाला गुड समॅरिटनची गोष्ट! रस्त्यात जखमी पडलेल्या परक्याला उचलून नेणारा तो भला माणूस. पेपरात त्यावर पाच मार्कांचा प्रश्न हमखास. पण पोरं हुशार असतात. यातलं कुठलं फक्त पेपरात लिहायचं आणि कुठलं खरोखर पाळायचं, हे त्यांना आई-बाबांकडे बघूनच कळतं.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा धमकीचं एवढं काय? तर ऐका. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण 'मुलं पळवणारे' समजून जमावाने मारले. मोबाईलवर अफवा आधीपासून फिरत होतीच. म्हणजे अक्षरशः झोळीवाले! १६ एप्रिल २०२० च्या रात्री, लॉकडाऊनमध्ये, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर असेच गेले. चोर आणि मुलं पळवणारे फिरताहेत, ही तिथली अफवा. सुरुवातीला ताब्यात घेतलेल्या ११० जणांत ९ अल्पवयीन होते. हा ९ चा आकडा मला सगळ्यात जास्त टोचतो. लोक मोबाईलला दोष देतात, पण मोबाईलने फक्त निरोप पोचवला. निरोप खरा वाटावा एवढी तयारी आपण जेवणाच्या ताटावर आधीच करून ठेवलेली असते.

डहाणू-तलासरीच्या माणसांना यावरून नावं ठेवणं सोपं आहे. पण तिथे परक्याची भीती उगाच आलेली नाही. वारल्यांच्या पाड्यावर येणारा परका माणूस म्हणजे कित्येक वर्षं सावकार, जमीनदाराचा माणूस नाहीतर जंगलचा ठेकेदार. वेठबिगारीविरुद्ध १९४५ मध्ये वारल्यांनी उठाव केला, तो याच भागात. आणि नेमक्या त्याच वर्षी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोन परक्या बायका बोर्डीला आल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुलं बालवाडीत येईनात, म्हणून त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. शिंपले, बिया, पानं, दगड हीच खेळणी. पण पाटीपेन्सिलच्या आधी काय केलं? मुलांना आंघोळ घातली, नखं कापली, केस विंचरले. परका माणूस आपल्या डोक्यावरून मायेने हात फिरवतो, हे ज्या पोराने अनुभवलं त्याला दयेवर निबंध कशाला हवा?

त्याच डहाणू तालुक्यात विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरते. चैत्री पौर्णिमेपासून पंधरा दिवस, हायवेला लागूनच. वारली आणि इतर आदिवासी, शहरातले भाविक, गुजरातची माणसं, नुसती झुंबड! आता समजा या गर्दीत तुमच्या भाचीचा हात सुटला. 'अनोळखी माणसाशी बोलायचं नाही' हे पाठ असलेली पोर काय करणार? एखाद्या दुकानामागे रडत उभी राहणार. तिला घरी पोचवणार कोण, तर एखादा अनोळखी माणूसच ना! म्हणून तिला हे शिकवा: आपलं, आई-बाबांचं आणि गावाचं नाव नीट सांगायचं, बांगडीवालीजवळ नाहीतर पोलीस चौकीत जाऊन मदत मागायची, पण तिथून कुणाबरोबर दुसरीकडे जायचं नाही. आणि "आईला सांगू नकोस हं" असं जो म्हणेल, तो मामा असो की मास्तर, त्याचं नाव घरी आधी सांगायचं. पोक्सोच्या गुन्ह्यांत दहातले नऊहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीचेच असतात, असं सरकारी आकडेवारी सांगते. झोळीवाला बिचारा उगाच बदनाम!

पूर्वी दारात वासुदेव आला की सुपातलं धान्य घरातल्या सगळ्यात लहान पोराच्या हातून घालत. पोर घाबरत घाबरत पुढे जायचं, मोरपिसांची टोपी न्याहाळायचं, आशीर्वाद घेऊन आत पळायचं. झालं शिक्षण! आता फ्लॅटच्या दारात वासुदेव येत नाही, पण कुरिअरवाला येतो, गॅसवाला येतो. तीन जिने चढून आलेल्या त्या माणसाला पाण्याचा ग्लास छोट्याच्या हातून द्यायला काय हरकत आहे? आई शेजारी उभी आहेच की.

आपल्या स्टाफ क्वार्टर्समधल्या सरांना आणि मॅडमना एक विनंती. संध्याकाळी तुमची पिल्लं ग्राउंडवर येतात आणि आम्हाला बघून "चला घरी, हॉस्टेलची मुलं आली" असं म्हणत त्यांना आत नेलं जातं. आमच्या दाढ्या वाढलेल्या असतात हे मान्य. पण चेंडू गटारात गेला की काढून देणारे आम्हीच आहोत.