नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची घरगुती परीक्षा

कार्याच्या यादींत 'आचाऱ्यांस विसार द्यावा' असें लिहिलें, आणि कागदावर 'आचार्यांस विसार द्यावा' असें उमटलें, तर स्वयंपाकी राहतो बाजूला आणि पैसे जातात गुरुजींच्या घरीं! आचारी व आचार्य यांतील हा भेद अर्ध्या 'र'च्या आकारावर अवलंबून आहे. हिंदीस त्या आकाराचें प्रयोजन पडत नाहीं. तेव्हां देवनागरीची परीक्षा केवळ हिंदी वाचणाऱ्यांनीं केली, तर ही चूक त्यांच्या ध्यानांतहि येणार नाहीं. 'ॲ' या अक्षराचेंहि तसेंच. युनिकोडच्या अक्षरमालेंत त्यास स्वतंत्र स्थान २००८ सालीं मिळालें. तथापि नव्या टंकांत व कळफलकावर तें नीट उमटतें कीं नाहीं, हें मराठी माणसानेंच पाहावयास हवें.

संगणक किंवा फोन ज्या मूळ व्यवस्थेवर चालतो, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तिची नवी आवृत्ति प्रसिद्ध होण्यापूर्वीं 'बीटा' या नांवानें सर्वांस परीक्षेसाठीं देण्याची चाल आतां रूढ झाली आहे. उबुंटूची नवी आवृत्ति २००४ पासून बहुधा एप्रिल व ऑक्टोबर महिन्यांत निघते, आणि तिची बीटा त्याच्या कांहीं आठवडे आधीं. फेडोरा प्रकल्प तर निरनिराळ्या भाषांच्या चांचणीसाठीं खास दिवस नेमतो. मायक्रोसॉफ्ट व ॲपल यांनींहि २०१४ सालीं सामान्य जनांसाठीं अशा योजना सुरू केल्या.

हें तज्ज्ञांचें काम, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. विरारच्या फुलपाड्यासारख्या वस्तींतील एखादें एकत्र कुटुंब घ्या. आजोबा अक्षरें मोठीं करून वाचतात, गृहिणी जुन्या छपाईयंत्रावर वाणसामानाची यादी काढते, मुलें एकाच यंत्रावर आळीपाळीनें अभ्यास करतात. इतके निरनिराळे उपयोग आणि इतकीं जुनीं यंत्रें कारागिराच्या मेजावर कोठून असणार?

मात्र सावधगिरी हवी. ज्या यंत्रांत घरचे हिशेब व छायाचित्रें आहेत, त्यावर बीटा चढवूं नये. जुनें यंत्र घ्यावें, आणि त्यांतील कामाच्या गोष्टींची प्रत आधीं अन्यत्र ठेवावी. उबुंटू व फेडोरा तर यूएसबी पेनड्राइव्हवरूनहि चालवून पाहतां येतात. यंत्रांतील मजकुरास हात लावावा लागत नाहीं.

दोष दिसल्यास तो पुन्हां घडतो कीं नाहीं तें पाहावें. तोच दोष दुसऱ्या कोणी आधींच कळविला आहे काय, हेंहि शोधावें. मग लिहावें : यंत्र कोणतें, आवृत्ति कोणती, आपण काय केलें, काय व्हावयास हवें होतें आणि काय झालें. एका पत्रांत एकच दोष असावा. पडद्याचें चित्र जोडतांना खासगी मजकूर झांकावा. 'चालत नाहीं' एवढ्या दोन शब्दांनीं कोणाचेंच काम होत नाहीं. वैद्यास 'बरें वाटत नाहीं' एवढेंच सांगून औषध मिळतें काय?

आवृत्ति बाहेर पडल्यावर तिच्यांतील मराठी पाहून हळहळण्यापेक्षां, ती बाहेर पडण्यापूर्वीं पांच ओळी लिहिणें अधिक उपयोगाचें. आपल्या घरांतील एका फावल्या दुपारचें हें काम पुढें लक्षावधि मराठी घरांच्या उपयोगीं पडेल.